अल्बिना ओर्साकनं ओलीस धरलेला संत

आमच्या डुब्रावात बरीच वर्षं अशी कुजबुज होती, की अल्बिना ओर्साकनं भर दुपारी संत जोसेफला उकरून काढलं, टॉवेलात गुंडाळून ओलीस धरलं, आणि त्याच्या बदल्यात म्हाताऱ्या एमिल कुबेनाची सही मिळवली.

कुजबुज म्हणायचं ते आपलं सभ्यपणानं. रोझली व्राझेलनं ती बातमी बेकरीत सांगितली तेव्हा रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर ऐकू गेली होती. रोझलीचा आवाजच तसा. तिच्या बकऱ्यांनाही तिच्यापुढे तोंड उघडायचं धाडस होत नसे.

टेक्सासच्या या भागात घर विकलं जात नसलं, की कॅथलिक मंडळी संत जोसेफची वीतभर उंचीची मूर्ती ‘विकणे आहे’ या पाटीशेजारी पुरतात. नुसती पुरत नाहीत, डोकं खाली, पाय वर. उलट्या माणसाला सुटायची घाई असते, तो गिऱ्हाईक लवकर आणतो, असा हिशोब. घर गेलं की त्याला बाहेर काढायचं, धुवायचं आणि नव्या घरात कपाटावर मानानं बसवायचं. एमिल कुबेना ब्रेदरन चर्चचा, म्हणजे संतांच्या मूर्ती न मानणारा. त्याला या प्रकाराचं आयुष्यभर हसू यायचं. डॉमिनो खेळताना तो म्हणायचा, “ज्याला स्वतःला खड्ड्यातून निघता येत नाही, तो तुमचं घर काय विकणार?” कॅथलिक लोक दात ओठ खायचे आणि पुढची सोंगटी लावायचे.

म्हणून तर रोझलीची बातमी एवढी चालली. एमिलच्या स्वतःच्या पाटीखाली संत निघाला म्हटल्यावर अल्बिनानं काय धमकी दिली असेल ते सांगायलाच नको. “सही करा, नाहीतर हा बुवा डॉमिनोच्या टेबलावर आणून उभा करते.” धमकीचे शब्द रोझलीनं ऐकले नव्हते, पण सांगताना ती ते अल्बिनाच्या आवाजात सांगायची.

अल्बिनाचा धमकीशी संबंध नव्हता असं आता कुणी म्हटलं तर पटायचं नाही, कारण दिसायला ती धमकीसारखीच होती. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलून दंड झालेले, केस जाळीत बांधलेले, आणि चेहरा असा की पोरं सांगितल्याशिवाय घेवडा वाढून घ्यायची. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या. कुठल्या पोराच्या घरी रात्री चूल पेटली नाही हे तिला ताटावरून कळायचं, पण तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. आमच्यासारख्या गप्पिष्टांना अल्बिनाचा काडीचा उपयोग नव्हता. तिला बातमी सांगणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघत बसणं. आवाज यायचाच नाही.

मग शाळा बंद व्हायची ठरली. पोरं उरली नव्हती. जी होती ती शेजारच्या गावच्या शाळेत जाणार होती. अल्बिनाची बहीण लिओना ह्यूस्टनला असते. तिनं लगेच फोन केला.

“इकडे ये. गॅरेजमध्ये खोली काढलीय तुझ्यासाठी.”

“गॅरेजमध्ये?”

“आता ती खोलीच आहे गं. फक्त कपडे धुवायचं यंत्र तिथं आहे. आणि मुलांकडे बघायला तू आहेसच.”

यंत्राच्या शेजारी झोपायचं आणि दुसऱ्याची पोरं सांभाळायची, हे ऐकून अल्बिनानं त्याच आठवड्यात कॉलेजात रात्रीच्या वर्गाला नाव घातलं. घरं विकायचा वर्ग. गाव हसलं. मग ती परीक्षा पास झाली, तेव्हा हसणं थोडं कमी झालं.

पण या धंद्यात परीक्षा पास झाल्यानं काही होत नाही. कुणीतरी ब्रोकर तुम्हाला आपल्या छत्रीखाली घेतो, तसं ऑस्टिनच्या सरकारी कचेरीला कळवतो, तेव्हा लायसन्स जागं होतं. तोवर ते झोपलेलं. झोपलेल्या लायसन्सवर गिऱ्हाईकाला घर दाखवणं तर सोडाच, “स्वयंपाकघर उजेडाचं आहे हो” एवढं म्हणणंही नियमात बसत नाही. तुम्ही जे बोलाल त्याला ब्रोकर जबाबदार. म्हणजे अल्बिनापुढे दोन दरवाजे होते, एक ब्रोकरचा आणि एक गॅरेजचा, आणि शाळा मे महिन्यात बंद होणार होती.

वर्गातल्या मास्तरांनी शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, “ब्रोकरकडे मुलाखत द्यायला जाऊ नका. मुलाखत घ्यायला जा. तुम्ही त्याला निवडताय.” बाकीच्यांनी हे ऐकून सोडून दिलं. अल्बिनानं शब्दशः घेतलं.

गावातलं मोठं ऑफिस डार्लीन स्क्रिव्हानेकचं. चौकातच, कोर्टासमोर. तिथली सगळी माणसं मोहरीच्या रंगाचे कोट घालून बसायची, उन्हाळ्यातसुद्धा. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. डार्लीनचा नवरा अॅल्विन हा पूर्वी अल्बिनाचा नवरा होता. गावात जागा कमी, काय करणार.

“बस, अल्बिना. कॉफी घेशील?” डार्लीन म्हणाली. तशी ती वागायला गोड.

“आधी प्रश्न,” अल्बिना म्हणाली. “नव्या माणसाला तुझ्याकडे शिकवतं कोण?”

“शिकवायचं काय त्यात? कोट घालायचा आणि हसायचं.”

“पहिला करार लिहिताना शेजारी कोण बसतं?”

“अगं, ते मागाहून बघू. तू आधी एक काम कर. तुझ्या ओळखीच्या सगळ्यांची नावं आणि फोन आणून दे. चुलत, मामे, शाळेतले, चर्चमधले. सगळ्यांना आपण दर महिन्याला पत्र घालू.”

“आणि ती नावं कुणाची होणार?”

“ऑफिसची. तू उद्या सोडून गेलीस तरी. तशी पद्धतच आहे.”

अल्बिना उठली. “डार्लीन, नवरा नेलास त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. नातेवाईक मात्र माझ्याकडेच राहू देत.”

डार्लीन काही कमी नव्हती. “नवरा परत हवा असेल तर बोल,” ती म्हणाली. “पत्राशिवाय पाठवते.”

हा संवाद संध्याकाळपर्यंत गावभर झाला, कारण ऑफिसातल्या साऱ्या पिवळ्या कोटांना कान होते. तो सांगणाऱ्यांत अल्बिना मात्र नव्हती.

दुसरा ब्रोकर हायवेवरच्या शहरात. काचेचं ऑफिस, कारंजं, आणि चकचकीत दातांचा एक तरुण साहेब. त्यानं तिला विचारलं, “पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

“डुब्रावात.”

“नाही, म्हणजे स्वप्न काय?”

“तेच.”

साहेबानं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. “डुब्रावात घरं विकली जातात?”

“माणसं मरतात,” अल्बिना म्हणाली. “मग घरंही विकली जातात.”

तो तिला घ्यायला तयार होता, पण काम शहरातच करायचं. डुब्रावा त्यांच्या नकाशाच्या फ्रेमखाली गेलेलं होतं. अल्बिनानं त्याच्या हातात हात दिला, तो त्यानं नंतर बराच वेळ चोळला असं म्हणतात, आणि ती परत आली.

राहिला एमिल कुबेना.

एमिलचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं न्हाव्याचं दुकान. आरसे तसेच, आणि ती लोखंडी खुर्चीसुद्धा तशीच. गिऱ्हाईकाला तो त्याच खुर्चीत बसवायचा. किंमत पटत नसली की दांडा दाबून खुर्ची हळूहळू खाली आणायचा. सत्तरी उलटली होती, बायको जॉर्जी जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि ऑफिसात दुसरं माणूस नव्हतं. पूर्वी पुतण्या होता, मिल्टन. त्यानं एका जोडप्याला सांगितलं की ओढ्याचं पाणी पायरीपर्यंत येत नाही. पुढच्याच पावसाळ्यात ते पायरी सोडून सोफ्यापर्यंत आलं. कोर्टात मिल्टनला कुणी बोलावलं नाही, एमिलला बोलावलं. त्यानंतर एमिलनं शपथ घेतली, की आता एजंट ठेवणार नाही, सख्खा भाऊ आला तरी.

अल्बिना खुर्चीत बसली. एमिलनं लगेच दांड्यावर हात ठेवला.

“मिस्टर एमिल, मला प्रश्न विचारायचेत.”

“मला उत्तरं द्यायची नाहीत.”

“तुम्ही गिऱ्हाईकाला घराचे दोष सांगता का?”

“सगळे सांगतो. म्हणून तर माझी घरं उशिरा जातात. पण पाण्यात जात नाहीत.” खुर्ची थोडी खाली आली. “हे बघ, तुझ्या बापाला मी ओळखत होतो. भला माणूस होता. पण तुझी जी पाटी लागेल, तिच्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव असेल. नाव माझं आणि जीभ तुझी. हा सौदा मी एकदा केला.”

“माझी जीभ कुणी ऐकलीय?”

यावर एमिलचा हात दांड्यावर अडला, कारण खरोखरच कुणी ऐकली नव्हती. पण खुर्ची तोवर खाली टेकली होती. मुलाखत संपली.

आता एमिलचं एक दुखणं सांगायला हवं. गावातली सगळी घरं विकणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एक घर दोन वर्षं पडून होतं. जॉर्जीच्या आईवडिलांचं घर, कापसाच्या जुन्या जिनच्या रस्त्यावर. घर छान होतं. पेकनच्या झाडांमागे, रस्त्यापासून आत, पांढरं, रुंद ओसरीचं. एमिल दर रविवारी दुपारी ते उघडं ठेवायचा, खुर्ची टाकून बसायचा, आणि कुणी येत नसे. डॉमिनोच्या टेबलावर यावरून त्याला काय काय ऐकून घ्यावं लागायचं ते विचारू नका. कुणीतरी म्हणायचं, “एमिल, ब्रोकर लावून बघ ना.”

अल्बिनानं हे हेरलं. ऑफिसातून हाकलता येतं, पण रविवारी घर उघडं ठेवलं की जो येईल त्याला आत घ्यावं लागतं. ती पुढच्या रविवारी टॉवेलखाली झाकलेले खसखशीचे कोलाच, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, घेऊन दारात उभी.

“तू घर घेणार आहेस?” एमिल.

“बघायला आलेय. पाटीवर लिहिलंय, या आणि बघा.”

“बघ मग.”

तिनं सगळ्या खोल्या बघितल्या, परत आली, ओसरीच्या पायरीवर बसली. एमिलनं एक कोलाच खाल्ला. मग दुसरा.

“जॉर्जी यात लोणी जास्त घालायची,” तो म्हणाला.

“मिस्टर एमिल, पहिला करार लिहिताना शेजारी कोण बसतं?”

“खा आणि घरी जा.”

असे काही रविवार गेले. एमिल हो म्हणेना, पण कोलाचला नाही म्हणेना. शाळेत पातेली मोजून नेणारे लोक येऊन गेले. लिओनानं फोनवर सांगितलं की गॅरेजला नवा रंग दिलाय, पिस्त्याचा. अल्बिनाची मान अशी खाली गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मग एका रविवारी ती लवकर निघाली आणि चालतच निघाली, कारण ट्रक बंद पडला होता. जिनच्या रस्त्यावर पोचली तर पुढे एक गाडी हळू झाली. ह्यूस्टनची नंबरप्लेट. आत नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर वर्तमानपत्र. गाडी पाटीपाशी थांबली.

पाटी होती रोझली व्राझेलच्या दारात.

म्हणजे आमच्या दृष्टीनं ती एमिलच्याच घराची पाटी. जॉर्जीच्या अंगणातली जमीन पांढऱ्या दगडासारखी कडक आहे. पहार बसत नाही. रोझलीच्या बाजूला पूर्वी गोठा होता, तिथं माती मऊ. दोन्ही घरांमध्ये कुंपण नाही. एमिलनं खांब मऊ जागी ठोकला, रोझलीनं काही म्हटलं नाही, आणि गावात कुणाच्या मनातही आलं नाही, कारण कुठलं घर कुणाचं हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत. पण जॉर्जीचं घर झाडांमागे. रस्त्यावरून दिसतं ते रोझलीचं, आणि त्याच्यापुढे तिच्या मेलेल्या नवऱ्याचं गंजलेलं कापणीयंत्र, आणि यंत्राच्या टपावर बकरी.

गाडीतल्या बाईनं काच खाली केली. “अहो, विकायचंय ते हेच का? बकरीवालं?”

अल्बिनानं तोंड उघडलं आणि मिटलं. झोपलेलं लायसन्स. ती म्हणाली, “मला काही सांगता येत नाही, मॅडम. माझ्यामागे ब्रोकर नाही.”

त्या बाईला हे कसं कळावं? तिला वाटलं, बाई कुठल्या तरी संकटात आहे. तिनं मान हलवून सहानुभूती दाखवली. नवरा म्हणाला, “पेपरात लिहिलंय, जिनपासून ह्लावाटीचं दुकान धरून तिसरं घर. दुकान कुठं दिसलं नाही. पण पाटी आहे म्हणजे हेच.” बकरी यंत्रावरून ओरडली. गाडी गेली.

ह्लावाटीचं दुकान जळून कैक वर्षं झालीत. आम्ही अजून रस्ता सांगताना ते मोजतो. बाहेरचा माणूस नाही मोजत.

अल्बिना तिथंच उभी राहिली. तेवढ्यात रोझली बाहेर आली.

“बघितलंस?” रोझली अभिमानानं म्हणाली. “दर रविवारी येतात. लांबून लांबून. माझ्या बकऱ्या बघायला.”

“छान आहेत बकऱ्या,” अल्बिना म्हणाली.

ती आत गेली, ओसरीवर कोलाच ठेवले. एमिल म्हणाला, “आजही कुणी नाही.” तिनं त्या दिवशी नेहमीचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. एमिलला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतून सुटल्यावर, ती फावडं, पहार आणि बादलीभर पाणी घेऊन जिनच्या रस्त्यावर आली. यापुढचं रोझलीनं खिडकीतून पाहिलं, तेही अर्धंच, कारण मध्ये कापणीयंत्र. गुडघे टेकून अल्बिना खणतेय. हात खड्ड्यात. काहीतरी काढतेय, झटकतेय, टॉवेलात गुंडाळतेय. मग यंत्राच्या आडून पलीकडे बराच वेळ ठोकाठोकी. मग काखेत बोचकं मारून तरातरा चौकाकडे.

रोझली मागोमाग गेली. तिनं पाहिलं ते एवढंच, की अल्बिना एमिलच्या ऑफिसात शिरली, दार लागलं, ‘बंद आहे’ची पाटी उलटली. कॉफीचा एक कप संपेल एवढ्या वेळानं अल्बिना बाहेर आली, ती कागद घेऊन थेट पोस्टात. बोचकं हातात नव्हतं. मग काय, रोझली बेकरीत, आणि बेकरीतून आपल्याला माहीत आहेच.

आत झालं ते असं. अल्बिनानं टॉवेल एमिलच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“तुमच्या पाटीचं लोखंड. गंजलंय. नवं आणा.”

“पाटी काढलीस?”

“हलवली.”

“कुठं?”

“तुमच्या अंगणात.”

“ती माझ्याच अंगणात होती.”

“नाही, मिस्टर एमिल. रोझलीच्या.”

“सगळ्या गावाला माहीत आहे ते घर जॉर्जीचं!”

“गाव घर घ्यायला येत नाही. ह्यूस्टनचे लोक येतात. त्यांना पाटी दिसते आणि पाटीमागे बकरी. मग ते जातात. काल गेले, तसे दर रविवारी जातात. आणि जाहिरातीतून ह्लावाटीचं दुकान काढा.”

“ते कुठं होतं हे सगळ्यांना...” एमिल बोलता बोलता थांबला.

तो उठला आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीत जाऊन बसला. समोर आरसा होता. त्यात थोडा वेळ बघितलं. कोर्टात उभं राहावं लागलं होतं त्यापेक्षा हे वाईट होतं. दोन वर्षं त्यानं शेजारणीची बकरी विकायला काढली होती. डॉमिनोच्या टेबलावर हे पोचलं असतं, तर त्याला गाव सोडून, म्हणजे लिओनाच्या गॅरेजमध्येच राहायला जावं लागलं असतं.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही.”

“रोझलीला?”

“तिनं खणताना बघितलं. काय खणलं ते तिला माहीत नाही.”

“ती काहीतरी सांगेलच.”

“सांगू दे.”

एमिल आरशातच बघत म्हणाला, “आणि मी सही केली नाही तर?”

“तरी नाही सांगणार,” अल्बिना म्हणाली. “पाटीवर तुमचं नाव आहे.”

ती उठली, फावड्याची माती लागलेले हात पुसले, आणि दारापर्यंत गेली. एमिलनं तिला हाक मारली.

“पहिला करार लिहिताना,” तो म्हणाला, “शेजारी मी बसेन. बाहेर ऊन आहे. तो लायसन्सचा कागद दे इकडे.”

सही करून झाल्यावर त्यानं खुर्चीचा दांडा ओढला आणि स्वतःला जेवढं वर घेता येईल तेवढं घेतलं.

घर त्याच उन्हाळ्यात गेलं. कुणी घेतलं? एका दंतवैद्यानं. मग अल्बिनानं इतरांची घरं विकायला सुरुवात केली. ती विकताना फारसं बोलायची नाही. दोष असला तर त्याच्याकडे बोट दाखवायची आणि गप्प उभी राहायची. लोकांना ते आवडलं. शिवाय ती अफवा होतीच. कॅथलिक बायका तिला बाजूला घेऊन विचारायच्या, “अल्बिना, तुझ्याकडचा तो जोसेफ थोडे दिवस दे की गं. आमचं घर अडलंय.” ती म्हणायची, “माझ्याकडे नाही.” त्या डोळा मारायच्या. त्यांना वाटायचं, भाव खातेय. शेवटी त्या आपलं घरच तिच्याकडे विकायला द्यायच्या, म्हणजे संत आपोआप येईल म्हणून. फादरनीसुद्धा एका रविवारी प्रवचनात संतांना वेठीस धरू नये असं सांगितलं, आणि सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. अल्बिना स्तोत्राचं पान शोधत होती.

डार्लीननं चौकात एकदा तिला गाठलं. “नातेवाईक तुझ्याकडे, संतही तुझ्याकडे. मला काय उरलं?”

“अॅल्विन,” अल्बिना म्हणाली.

अफवा तिनं एकदाही खोडली नाही. खोडायची तर काय खणलं ते सांगावं लागलं असतं. एमिल त्यावरून टेबलावर रोज टोमणे खायचा, “संताला किती दंड भरलास रे?” आणि तोही हसून घ्यायचा. संतापुढे नमलेला ब्रेदरन एवढं त्याला परवडत होतं. ऑफिसच्या काचेवर त्यानं तिचं नाव आपल्या नावाखाली रंगवून घेतलं, त्याच आकाराच्या अक्षरांत. पुढे काही वर्षांनी पाय गेल्यावर तो बिछान्याला खिळला आणि एका दुपारी, लागोपाठ हरल्यावर, त्यानं सोंगट्या बाजूला सारून हे सगळं मला सांगितलं. आता तो ब्रेदरनच्या स्मशानात जॉर्जीशेजारी आहे. दगडावर नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि दगड बरोबर जागी आहे.

रोझलीलाही मी नंतर विचारलं, की खिडकीतून, त्यातही यंत्राच्या आडून, टॉवेलात संत आहे हे तिला कसं कळलं. ती आधी लाजली. मग म्हणाली, जॉर्जी तिची मैत्रीण होती, घर अडलेलं तिला बघवेना, म्हणून पाटी लागली त्याच वर्षी तिनंच तो पुरला होता.

अल्बिनाच्या टॉवेलात गंजलेले दोन बोल्ट आणि एक मोडकी लोखंडी पट्टी होती. तिनं संत बघितलाच नाही. रोझलीनं तो खांबापासून हातभर लांब पुरला होता. तो अजून तिथंच आहे.